तिसऱ्या मजल्यावरची सही

११ जानेवारी

आजपासून लिहायचं ठरवलं. राग बोलून दाखवला की कमी होतो, असं सगळे सांगतात. मला तो कमी व्हायला नको आहे. म्हणून बोलणार नाही, लिहून ठेवणार. बरणीचं झाकण घट्ट लावावं तसं.

कोण, काय, ते एकदाच लिहून टाकते. ही व्यापारी इमारत जुनी आहे. तिसऱ्या मजल्यावर आमचं काच आणि फ्रेमचं दुकान. शेजारी शिंपीदादांचं. तळमजल्यावर बॅगवाला, तो गाळेवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. ही इमारत पाडून इथे काचेची चकचकीत ऑफिसं होणार आहेत, आणि खाली आम्हा जुन्या लोकांना नवे गाळे मिळणार आहेत. सगळ्यांनी बिल्डरला सह्या दिल्या आणि रस्त्यापलीकडे त्याने उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुकानं हलवली. एकच सही राहिली आहे. माझी.

बिल्डर खडीमातीतसुद्धा पांढरे बूट घालून फिरतो. मी त्याला पांढरे बूटच म्हणते. नाव तोंडात घ्यावं असं त्याने काही केलेलं नाही.

गेल्या वर्षी त्याची बोलणी सुरू झाली आणि आमची लिफ्ट बंद पडली. ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी लागली ती लागलीच. मग हे मोठमोठ्या काचा खालून हाताने वर आणायचे. एक दिवस दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले. काच आधी भिंतीला नीट टेकवली, खालून घसरू नये म्हणून फडकं सरकवलं, आणि मग बसले. मी वरून हाक मारली, “आलात का?” आले नाहीत. काचेवर ओरखडाही नव्हता.

ती काच मी विकलेली नाही. कागदात गुंडाळून मागच्या भिंतीला उभी आहे.

पांढऱ्या बुटांना माझी सही मिळणार नाही. आज एवढंच.

१४ जानेवारी

शाळेत मी फारशी गेले नाही. वाचायला शिकले ती काचांच्या मधल्या कागदांवर. काचा एकमेकींना घासू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्र घालतात. लग्न होऊन आले तेव्हा काचा पुसायचं काम माझ्याकडे आलं, आणि पुसता पुसता अक्षरं लागायला लागली. अडलेला शब्द हे सांगायचे, कधी हसून, कधी वैतागून. मात्र जगातलं सगळं मला शिळं होऊन कळायचं. एका मंत्र्याच्या आजारपणाची मी फार काळजी करत होते, तेव्हा हे म्हणाले, “अगं, तो केव्हाच बरा झाला. बरा होऊन निवडणूक हरलासुद्धा.”

आता मी ताजा पेपर घेते आणि आधी अर्थपान उघडते. आज आलंय की बाहेरून येणारं पोलाद, ॲल्युमिनियम, काच, यंत्रं, सगळ्यांवरचं आयात शुल्क एक एप्रिलपासून वाढणार. दोन सरकारांचं भांडण आहे. तू माझ्या मालावर लावलंस, मग मी तुझ्या. हे असल्या बातमीवर म्हणायचे, रेड्यांची टक्कर आणि झाडावर काळ.

या वेळी झाड कोणतं आहे ते मला ठाऊक आहे. त्याने पांढरे बूट घातलेत.

१८ जानेवारी

आज भाऊजी आले. माझे धाकटे दीर. बंदरावर माल सोडवून देणाऱ्या कचेरीत कारकून आहेत. ह्यांच्यामागे महिन्यातून एकदा येतात, चहा घेतात, आणि जाताना काहीतरी बोलायचं राहिल्यासारखे दारात उभे राहतात.

मी विचारलं, “भाऊजी, आयात शुल्क कोणत्या दिवसाचं लागतं? माल मागवला त्या दिवसाचं की आला त्या दिवसाचं?”

त्यांनी कप खाली ठेवला. “वहिनी, तुम्हाला काय मागवायचंय? जहाज?”

“सांगा तर.”

“बंदराच्या गोदामातून सोडवायचे कागद दाखल होतील त्या दिवसाचा दर. एकतीस मार्चला दाखल केले तर जुना, दुसऱ्या दिवशी केले तर नवा. पेटी तीच, काच तीच, तारीख तेवढी बदलली.”

“पांढऱ्या बुटांचा माल?”

भाऊजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. “आमच्याच कचेरीतून सुटणार आहे. सगळा बाहेरचा. दर्शनी काचा, त्यांच्या चौकटी, लिफ्टसुद्धा. निघालाय, मार्चच्या सुरुवातीला बंदरात येऊन पडेल. पण सोडवायला पैसा लागतो. त्याचे गुंतवणूकवाले म्हणतात, इमारत पूर्ण रिकामी झाल्याचा कागद आण, मग पैसा. आणि नव्या दराने माल घ्यायला ते तयार नाहीत. ऑफिसांचं भाडं काही शुल्काबरोबर वाढत नाही ना! हिशेब बसला नाही तर उठून जातील.”

“म्हणजे माझी सही.”

“म्हणजे तुमची सही.” मग जरा थांबून, “वहिनी, डोक्यात काही असेल तर...”

“डोक्यात काही नाही. मुठीत आहे.”

ते हसले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, “त्या लिफ्टचं एक बोलायचं होतं.” मी म्हटलं, “बस चुकेल तुमची.”

२२ जानेवारी

पांढरे बूट आले. मागे ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या हातात मोठं खोकं. जिने चढून घामाघूम. मला बघून बरं वाटलं.

“ताई, इकडून चाललो होतो, म्हटलं विचारपूस करावी.”

तिसऱ्या मजल्यावरून कोण कुठे चाललेलं असतं? ताकाला जाऊन भांडं लपवायची सवयच असते काहींना.

“बसा,” म्हटलं. बसायला फुटक्या काचांच्या पेटीशिवाय काही नव्हतं. उभेच राहिले.

खोक्यातून भिंतीवरचं घड्याळ निघालं. सोनेरी काठ, आत खडे. “तुमच्यासाठी.”

“वेळ मला भरपूर आहे,” मी म्हटलं. “तुमच्याकडे कमी आहे म्हणतात. तुम्हीच ठेवा.”

ड्रायव्हरला खोकला आला. तो खोटा होता.

“ताई, इतरांपेक्षा मोठा गाळा देतो. तळमजल्यावर, रस्त्याच्या तोंडाला. साहेबांची शेवटची इच्छाही...”

“त्यांची शेवटची इच्छा काच फुटू नये ही होती. ती त्यांनी स्वतः पुरी केली.”

जाताना म्हणाले, “विचार करा.” मी म्हटलं, “करते.”

२३ जानेवारी

केला नाही.

६ फेब्रुवारी

शिंपीदादा आले. ह्यांचे दोस्त. दोघं रोज दुपारी ह्या टेबलावर डबा खायचे, काचेचा चुरा बाजूला सारून. आजही जेवणाच्या वेळेलाच आले, पण डबा नव्हता. म्हणाले, भूक नाही. पट्टा आतल्या भोकावर आलाय. मी पोळीभाजी पुढे केली तर नको नको म्हणत सगळी संपवली. भूक नसलेल्या माणसाने!

माझ्या दाराचा पडदा उसवला होता, तो काढून हातानेच शिवायला बसले. सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला.

“शेडमध्ये कसं चाललंय?” मी विचारलं.

“बरं आहे. पत्रा तापतो. मध्ये मोठा रस्ता आला ना, गिऱ्हाईक ओलांडत नाही. पण बिल्डरकडून महिन्याला मिळतं, त्यात भागतं. नवा गाळा होईपर्यंत काढायचे दिवस.” मग टाके घालत घालत, वर न बघता, “वहिनी, तुमचा कधी विचार आहे?”

हे कशासाठी आलेत, ते तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

मग म्हणाले, “त्या लिफ्टचं तुम्हाला कुणी सांगितलंय की नाही माहीत नाही. तिचा एक भाग बाहेरून यायचा होता. बंदरात येऊन अडकला. वर शुल्क वाढलं होतं, ते कुणी भरायचं ते ठरेना. मंडळाची बैठक झाली. सगळे होतो आम्ही. हा पण होता.”

“कोण?”

“आपला हाच. माझा दोस्त.”

“पडदा झाला का?” मी विचारलं.

दिला आणि गेले. जिन्यावर बराच वेळ पावलं वाजत होती, थांबत, वाजत.

पढवून पाठवलेला पोपट आहे. जेवायला पुरेसं असतं ना बिल्डरचं देणं, तर ह्याला हेरगिरीला माझ्याच पोळ्या कशाला लागतात? ह्यांचा दोस्त म्हणे. दोस्तानेही विकून टाकलं.

पडदा मात्र छान शिवलाय. उलट्या बाजूनेही टाका दिसत नाही.

१८ फेब्रुवारी

एका टेबलाची काच कापायची होती. काटकोनी गुण्या लावला, काच कापायची हिरकणी घेतली, रेघ मारली. मध्ये हात थरथरला. रेघ पुरती बसली नाही असं वाटलं, म्हणून तिच्यावरूनच पुन्हा हिरकणी फिरवली.

ह्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. काचेवर एकदाच रेघ. बसली तर बसली, नाही बसली तर काच पालथी कर, दुसरीकडून कर, टाकून दे. त्याच रेघेवर पुन्हा जायचं नाही. मी विचारलं होतं, का? म्हणाले, “पहिल्या रेघेला काच ऐकते. दुसऱ्या रेघेला मनाला येईल तिकडे जाते.”

मनाला येईल तिकडे गेली. मोठा तुकडा पायाशी पडला. चप्पल होती म्हणून बरं.

गिऱ्हाइकाला उद्या ये म्हटलं.

२७ फेब्रुवारी

बॅगवाला अध्यक्ष चारपाच जणांना घेऊन वर आला. दम लागल्यामुळे भांडण सुरू करायला जरा वेळ गेला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन सुरू केलं.

“तुमच्या एकीच्या हट्टापायी आम्ही सगळे पत्र्याखाली भाजतोय!”

“मी का पाठवलं तुम्हाला पत्र्याखाली?”

“अहो, पण सगळ्यांनी सह्या दिल्या.”

“मग सगळ्यांनी इमारत पाडा. माझा गाळा सोडून. मी बसते हवेत.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षाने वळून पाहिलं, तसं थांबलं.

“वहिनी, माणूस गेला, आम्हालाही वाईट वाटलं. पण त्याचा राग...”

“त्याचा राग त्याच्याबरोबर गेला. हा माझा आहे.”

त्यांच्यातला घड्याळवाला म्हातारा, घड्याळं दुरुस्त करणारा, एकटा मागे राहिला. म्हणाला, “सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशा तुम्ही.” शिवी होती की शाबासकी, ते कळलं नाही. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. आयुष्यभर असायचं. मोडलं असेल.

९ मार्च

भाऊजींचा फोन. माल बंदरात आला. काचांच्या उभ्या पेट्यांनी गोदामाची एक बाजू भरून गेली आहे. पांढरे बूट रोज कचेरीत येतात, साहेबांच्या खोलीत आवाज चढतो. गुंतवणूकवाल्यांनी शेवटचं सांगितलंय: एकतीसच्या आत रिकामी इमारत दाखव, नाहीतर आम्ही निघालो.

“खूप उतरलाय तो,” भाऊजी म्हणाले.

“अजून उतरू दे.”

“वहिनी, तुम्ही असं बोलायचा नाहीत. दादा असता तर...”

“तुमचा दादा असता तर मी सहीही दिली असती आणि वर तुम्हाला जेवायलाही बोलावलं असतं. तो नाही. हीच तर तक्रार आहे.”

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होते की काय कोण जाणे. मी नाही रडले. मी पेपरातली ती बातमी कापून टेबलाच्या काचेखाली सरकवली.

१९ मार्च

पांढरे बूट एकटे आले. ड्रायव्हर नाही, खोकं नाही. दाढी वाढलेली. पेटीवर बसले, फुटक्या काचांच्या. पँट फाटेल याचंही भान नव्हतं.

“ताई, काय हवंय तुम्हाला? एकदा सांगून टाका. पैसा म्हणाल तर पैसा.”

हा प्रश्न तो कधीतरी विचारणार हे मला माहीत होतं. उत्तर किती तरी वेळा मनात घोळवून ठेवलं होतं, पण त्यातलं एकही ऐन वेळी आलं नाही. दुसरंच आलं.

“खाली फुटपाथवर माझी एक काच येणार आहे मंगळवारी. टेबलाची, जाड. ती तुम्ही वर आणायची. स्वतः. हमाल नाही, ड्रायव्हर नाही.”



“मग?”

“मग सही.”

“नक्की?”

“काचवाल्याची बायको आहे. शब्द फुटत नाही.”

हे लिहिताना हसू येतंय. पण तेव्हा मी खरंच म्हणत होते.

२४ मार्च

आणली त्याने.

काच मी मुद्दाम तेवढीच मागवली, जेवढी ह्यांच्या हातात त्या दिवशी होती. खाली जाऊन हातमोजे दिले. ह्यांचेच. कसं धरायचं ते दाखवलं, एक हात खालून, एक वरून, अंगाला घट्ट. शेडच्या दारात सगळे उभे राहून बघत होते. बॅगवाल्याने तोंडावर हात ठेवला होता.

मी त्याच्या पुढे जिना चढत होते. मागे वळून बघत नव्हते, ऐकत होते. पहिल्या मजल्यापर्यंत तो काही ना काही बोलत होता. मग बोलणं थांबलं आणि श्वास सुरू झाला. तो आवाज मला ओळखीचा होता. मी दार उघडं ठेवून रोज तो ऐकायचे, आले म्हणायचे, चहा टाकायचे.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला. मी वळले. तोंड राखेसारखं. भिंतीकडे सरकला.

“टेकवू?” त्याने विचारलं.

“फडकं घाला खाली. घसरेल.”

त्याने पायाने फडकं सरकवलं. ते फडकं मी तिथेच ठेवलं होतं. काच टेकवली आणि बसला. नेमका तिथेच. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. आता काय होणार ते होऊ दे, असं मनात आलं. लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. आलं.

थोड्या वेळाने म्हणाला, “ताई, ती लिफ्ट मी बंद केली नव्हती. मी तर अर्धं शुल्क भरतो म्हणालो होतो. तुमच्याच मंडळाने...”

“काच उचला,” मी म्हटलं.

उचलली. वर आला. टेबलावर आडवी ठेवली, अगदी अलगद. हातमोजे काढले तर बोटं वाकडीच राहिली होती. बुटांवर काळे पट्टे. मी पाणी दिलं, आतली खुर्ची दिली. खरंच दिली. मग कागद समोर ओढला, चष्मा लावला, पेनचं टोपण काढलं.

त्याचा फोन वाजला. तो खिडकीकडे वळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “हो, हो, झालं. अरे, नाटक करावं लागलं थोडं. म्हातारी पटली.”

मी टोपण लावलं.

“काय झालं?” तो म्हणाला.

“शाई संपली.”

“माझं पेन घ्या.”

“माझ्याच पेनने करीन. एक तारखेनंतर या.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता जिना उतरून गेला. उतरताना त्याचा हात कठड्यावरून सुटत नव्हता.

शब्द मी दिला होता. मीच मोडला. त्याने कष्ट केले होते, हेही खरं. पण ‘नाटक’ म्हणाला तो. ज्या जिन्यावर माझा माणूस गेला, तिथे तो नाटक करत होता.

१ एप्रिल

पेपरात पहिल्या पानावर. नवे दर लागू. भाऊजींचा फोन, कागद दाखल झाले नाहीत.

चहा केला. दोन कप. एक टेबलावर ह्यांच्या जागी ठेवला. गार झाल्यावर तोही मीच प्यायले.

वाटलं होतं तेवढा आनंद झाला. त्याहून जास्त नाही.

१७ एप्रिल

भाऊजी आले. मी विचारायच्या आधीच सांगायला लागले. गुंतवणूकवाले गेले. माल आल्या पावली दुसऱ्या देशात विकला. टॉवरचा बेत मोडला.

“आणि तो?”

“तो बरा आहे.”

“म्हणजे?”

भाऊजी कपात बघत बोलले. “शुल्क अजून वाढेल या धास्तीने सगळे व्यापारी माल आणून साठवून ठेवतायत. ठेवायला जागा नाही. बंदराजवळ गोदामांची भाडी आकाशाला भिडली आहेत. ह्याने इथून सुटलेला सगळा पैसा गोदामांत घातला. नुसते पत्रे आणि कुलूप, ना काच ना लिफ्ट. काल कचेरीत पेढे... म्हणजे काहीतरी गोड वाटून गेला. म्हणतो, टॉवर झाला असता तर बुडालोच होतो. ऑफिसं भाड्याने घेतंय कोण आता! मला म्हणाला, तुमच्या वहिनींना सांगा, उपकार झाले.”

“असं म्हणाला?”

“हात जोडून म्हणाला, वहिनी. टोमणा नव्हता.”

टोमणा असता तर चाललं असतं.

“बूट?” मी विचारलं.

“काय?”

“बूट कसले होते त्याचे?”

भाऊजींना प्रश्न कळला नाही, पण माझ्यापासून काही लपवता येत नाही त्यांना. “पांढरे,” म्हणाले. “नवे.”

२ मे

शेडचं भाडं त्याने थांबवलं. करार टॉवरचा होता, टॉवर नाही तर देणं नाही. ज्याची जागा होती त्याने शेडचे पत्रे उतरवून न्यायला माणसं लावली आहेत.

एक एक करून लोक इथे परत येतायत. इमारतीतलं पाणी तोडलेलं, वायरी उपटलेल्या, दरवाज्यांच्या चौकटीसुद्धा पांढऱ्या बुटांच्या माणसांनी काढून नेलेल्या. आगीतून निघून फुफाट्यात. बॅगवाला मोकळ्या भोकाला चादर लावून बसलाय. मी खाली रस्त्यावरच्या नळावर पाणी भरायला गेले तर कुणी काही बोललं नाही. भांडायला आले होते तेव्हा बरं होतं. बॅगवाल्याची बायको माझी बादली भरेपर्यंत नळ सोडून बाजूला उभी राहिली, मी जणू अस्पृश्य.

घड्याळवाला आला नाही. विचारलं तर समजलं, मुलीकडे गेला, धंदा मोडून. हत्यारं आधीच विकली होती. फेब्रुवारीतच.

मी करायचं ठरवलं ते पांढऱ्या बुटांचं. यांचं मी काही ठरवलं नव्हतं.

५ मे

फ्रेमचे कोपरे जोडत बसले होते. दार उघडंच. जिन्यावर श्वास ऐकू आला.

हातातला हातोडा तसाच राहिला. तोच श्वास. दोन पायऱ्या, थांब. दोन पायऱ्या, थांब. मग नुसतंच थांब.

“आलात का?” माझ्या तोंडून गेलं.

कुणी ओ दिली नाही.

मी धावले. या वयात, जिन्यावर, अनवाणी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शिंपीदादा. शिलाई मशीन आधी भिंतीला नीट टेकवलेलं, खाली फडकं सरकवलेलं, आणि शेजारी ते बसलेले, डोळे मिटून.

मी खांदा धरून हलवलं. जोरात हलवलं.

“अहो वहिनी, हळू,” ते म्हणाले. “मेलो नाही. थांबलोय फक्त.”

मी तिथेच पायरीवर बसले. 

“हमाल करायचा होता,” मी म्हटलं. आवाज मोठा निघाला.

“हमालाला द्यायचं काय? तुमचा पडदा?”

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. ते मशीनच्या चाकावरची धूळ बोटाने पुसत राहिले.

मग मी विचारलं, “त्या बैठकीत हे काय म्हणाले होते?”

“कोणत्या?”

“लिफ्टच्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगावं की नाही, असं.

“सांगा. मी सांगते म्हणून सांगा.”

“बिल्डर अर्धं भरतो म्हणाला होता. उरलेलं सगळ्यांनी मिळून भरायचं होतं. कुणी तयार होईना. वर्षभरात पाडायची इमारत, आम्ही म्हटलं. तर हा उठून म्हणाला, कशाला त्या भागावर पैसे घालता, माझे पाय शाबूत आहेत. आणि सगळे हसले. मी पण हसलो, वहिनी.”

म्हणाले असतील. अगदी त्यांचंच बोलणं आहे. आवाजासकट ऐकू आलं.

मशीनची एक बाजू मी धरली, एक त्यांनी. टेकत टेकत वर आलो. त्यांच्या दुकानाला दार आहे, पण खिडकीचं तावदान फुटलंय, सामान हलवताना पांढऱ्या बुटांच्या माणसांनी फोडलेलं. मशीनवर सगळी धूळ येणार. मी माप घेतलं.

पांढऱ्या बुटांनी वर आणलेली काच केव्हाच गिऱ्हाइकाला गेली होती. माझ्याकडे त्या मापाला पुरेल अशी एकच काच होती. मागच्या भिंतीला उभी, कागदात. कागद सोडला. त्याच्यावर बातम्या होत्या, वाचल्या नाहीत. काच टेबलावर आडवी घातली, पुसली. शिंपीदादांनी ओळखली ती काच. “वहिनी, ही नको,” म्हणाले.

“तुम्ही मशीन जोडा,” मी म्हटलं. “मला कामात बोललेलं चालत नाही.”

पांढऱ्या बुटांना मी माफ केलेलं नाही. हे कुणी वाचलंच कधी, तर गैरसमज नको.

गुण्या लावला. हिरकणी घेतली. हात थरथरत होता, म्हणून तो थांबेपर्यंत थांबले. मग एकच रेघ मारली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि दोन्ही हातांनी दाबलं. सरळ तुटली.